बारा शब्दांचं नाव

भोरच्या एसटी स्टँडाजवळ माझं बँकेचं सेंटर आहे. सेंटर म्हणजे काय, एक गाळा, एक लॅपटॉप, अंगठा घ्यायचं मशीन आणि मी. बँकेच्या भाषेत मी बँक मित्र. मित्र कसली, दिवसभर लोकांवर खेकसायचं काम. "आजी, अंगठा पुसा. नीट दाबा. अहो मशीनवर दाबा, माझ्या टेबलावर काय दाबताय!" पैसे काढून द्यायचे, भरून घ्यायचे, नवी खाती उघडायची आणि बँकेचा निरोप आला की लोकांना बोलावून त्यांची केवायसी करायची. केवायसी म्हणजे हे गिऱ्हाईक खरोखर कोण आहे, याची खातरजमा. चोरीचा पैसा खोट्या नावानं खात्यात शिरू नये म्हणून हा नियम, आणि नियम चांगलाच आहे. तो पाळताना शिव्या मात्र मी खाते.

डोंगराकडच्या बायका आल्या की एक गंमत ठरलेली. फॉर्म भरताना मी विचारते, "नवऱ्याचं नाव?" बाई पदर तोंडाला लावते, हसते आणि आधार कार्ड माझ्यापुढं सरकवते.

"त्येच्यात लिवलंय बगा."

"अहो मावशी, कार्ड काय बोलतंय का? तुम्ही सांगा."

"न्हाई बाई. उखान्यात घिऊ का?"

मग सगळी रांग हसते, मावशी उखाणा घेते आणि मी त्यातून नाव वेचून रकान्यात टाइप करते. घरी उत्रोलीला गेले की मी हे सगळं नकला करून ह्यांना सांगायची. ते पोटभर हसायचे आणि म्हणायचे, "आणि तू गं? तू तरी कुठं घेतेस?" खरंच की. वीस वर्षं संसार केला, पण त्यांचं नाव मी कधी मोकळं घेतलं नाही. "अहो", "ऐकलं का", अगदीच डोकं फिरलं तर "काय माणूस आहे!" नाव घ्यायचं ते उखाण्यातच. शिकलेली बाई मी, पण जीभच वळायची नाही.

ह्यांचं काम गावात कुणाला कधी कळलं नाही. मलाही कळायला दोन वर्षं लागली. कोरोनात पुण्याचं ऑफिस बंद झालं तेव्हा ते लॅपटॉप घेऊन घरी आले ते घरीच राहिले. भावकीतले लोक विचारायचे, "नोकरी गेली व्हय?" मी म्हणायची, "नाही हो, घरून करतात." खरी गोष्ट अशी की जगात आता काही पैशाची दुकानं अशी निघालीत, ज्यांना शाखा नाही, मॅनेजर नाही, शिपाई नाही. सगळा कारभार इंटरनेटवर लिहिलेल्या प्रोग्रामनं चालतो. कर्ज देणं, व्याज देणं, पैसे इकडचे तिकडे करणं, सगळं आपोआप. त्या प्रोग्रामात कुठं भोक राहिलंय का, चोर कुठून शिरेल, हे आधी शोधून मालकांना कळवायचं, हे ह्यांचं काम. भोक सापडलं की मालक बक्षीस द्यायचे, तेही डिजिटल डॉलरात.

"म्हणजे तुम्ही कुलूपवाले," मी म्हणाले.

"कुलूपवाला नाही गं, कुलूप हलवून बघणारा."

ते बक्षिसाचे पैसे बँकेत नव्हते, इंटरनेटवरच्या पाकिटात होते. मी बँकेची बाई, मला हे पटेना. मी धोशाच लावला, की बँकेत आणा. त्यांनी एकदा थोडे आणलेही होते. डॉलर एका माणसाला विकले, त्यानं रुपये ह्यांच्या खात्यात टाकले. महिन्याभरानं बँकेनं खातंच गोठवलं. का, तर त्या माणसाकडं आलेला पैसा दुसऱ्या राज्यात कुणाच्या फसवणुकीतला होता. तीन महिने खात्यातून दमडी काढता आली नाही. ह्यांनी कागद दिले, कर भरल्याच्या पावत्या दिल्या, तेव्हा ते सुटलं. मी चिडले होते, पण ते शांत. "नियम बरोबर आहे. चाळणीत आपण अडकलो, एवढंच," म्हणाले. मग ठरलं, की पैसे पाकिटातच राहू देत. लेक बारावी झाली की तिच्या नावानं रीतसर आणायचे.

लेकीला फिजिओथेरपी शिकायची होती. सातवीत तिचा पाय मोडला होता तेव्हा पुण्याच्या दवाखान्यात एक ताई तिला रोज चालायला शिकवायची. तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच. पुण्यातलं कॉलेज, होस्टेल, साडेचार वर्षं. तो सगळा खर्च त्या पाकिटात होता. बाकी आमची भाताची खाचरं आणि माझं कमिशन, त्यात घर चालायचं, कॉलेज नाही.

आता त्या पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. बस. सही नाही, अंगठा नाही, नाव नाही. ज्याला ते बारा शब्द ओळीनं माहीत, तो मालक. ते मला म्हणाले, "कागदावर लिहिलं तर वाळवी खाते, मोबाइलात ठेवलं तर चोर बघतो. मी तुझ्या तोंडात ठेवतो."

"माझ्या? मला कालची भाजी आठवत नाही!"

"पण सतराशे साठ उखाणे आठवतात."

आणि त्यांनी खरंच त्या बारा शब्दांचा उखाणा केला. पाकीट काढताना मशीन जे देईल ते शब्द घ्यावे लागतात, आपले निवडता येत नाहीत. म्हणून हा माणूस चार दिवस नवनवीन पाकिटं काढत बसला, यमकात बसतील असे शब्द मिळेपर्यंत. मी स्वयंपाक करत असायची आणि बाहेरून आवाज यायचा, "झेब्राला काही जुळतं का गं?" मी म्हणायची, "तुम्हीच." शेवटी एका संध्याकाळी ते ओट्याशी आले आणि म्हणाले, "ऐक."

आता तो कुणालाही सांगायला हरकत नाही.

रिव्हरच्या पाण्यात मून, ब्रिजवर उभी बस,
जिंजर, शुगर, कप आणला, मँगोचा काढला रस,
लॅडरवर गोट चढली, अंब्रेला उडाली वर,

आणि चौथ्या ओळीत त्यांचं नाव घेऊन शेवटी 'किचन माझं घर'.

किचनवरून मी भांडले. म्हटलं, दिवसभर सेंटरात मी राबते आणि वर किचन माझं घर? घरी असता तुम्ही, भात तुम्ही लावता! ते म्हणाले, "शब्द मशीननं दिलाय, मी काय करू? तू मनात 'त्यांचं घर' म्हण." मग दर रविवारी जेवणं झाली की ते म्हणायचे, "नाव घे." मी उखाणा म्हणायची, ते बोटावर शब्द मोजायचे, बारा भरले की मान डोलवायचे. लेक म्हणायची, "काय तुमचं हे म्हातारपणी!" अट एकच घातली होती. हा उखाणा घराबाहेर घ्यायचा नाही. मी म्हटलं, नाही घेणार.

आणि मी घेतला.

विंझरला माझी नणंद असते. तिच्या मुलीची हळद होती, भर मे महिन्यात. मांडव, डीजे, आणि कॅमेरा घेऊन नाचणारा एक व्हिडिओवाला. हळद लावून झाली तशी बायकांनी माइक फिरवायला घेतला. नाव घ्या, नाव घ्या. माझ्यापुढं माइक आला तेव्हा मी नेहमीचा घेतला, चांदीच्या ताटातला. तो मी दर लग्नात घेते. बायका ओरडल्या, "ह्यो नगं! ह्यो आमाला पाठ हाय!" आणि नणंद, ती मुळातच फटकळ, माइकात म्हणाली, "जाऊ द्या गं, वैनी बँकेतल्या. त्यास्नी फकस्त अंगटं घ्यायला येत्यात, नाव घ्यायला न्हाई."

सगळा मांडव खदखदला. माझं टाळकं सटकलं. माझा स्वभावच मेला असा, कुणी डिवचलं की दोन्ही पाय त्या खड्ड्यात. मनात आलं, इथं विंझरात कुणाला काय कळणार आहे? ह्या बायकांना काय, व्हिडिओवाल्याला काय? पदर खोचला, माइक हिसकावला आणि ठसक्यात पूर्ण उखाणा म्हटला. शेवटी 'किचन त्यांचं घर' असं म्हटलं, मुद्दाम, हात करून. हसून हसून बायका आडव्या झाल्या. एक आजी म्हणाली, "गोट म्हंजी शेळी व्हय गं? शेळी शिडीवं चडली?" आणि परत हसू फुटलं. त्या दिवशी मी फार खूश होते. खोटं कशाला सांगू.

परत येताना नसरापूरला आम्ही चहाला थांबलो. त्यांनी चहाला तोंडही लावलं नव्हतं. मला वाटलं रागावले. मी म्हटलं, "अहो, चुकलंच. नणंदबाईंनी डिवचलं." ते कपात बघत म्हणाले, "छान म्हटलास." मग म्हणाले, "पण आता हा सगळ्यांना माहीत झाला. तुला नवीन करून देतो." मी म्हटलं, "करा की, किचन नसलेला." तेवढ्यावर विषय संपला. पुढचे तीन-चार दिवस ते वही घेऊन ओसरीत बसलेले असायचे. मी लाडानं विचारायची, जुळतंय का? ते म्हणायचे, जुळेल.

नवीन उखाणा काही आला नाही. मीही विचारलं नाही, कारण त्याच आठवड्यात माझं भलतंच नाव झालं. व्हिडिओवाल्यानं माझा उखाणा तेवढा कापून इंटरनेटवर टाकला होता. बुधवारी. सेंटरात येणारा प्रत्येक जण मोबाइल पुढं करायचा. "मॅडम, ह्या तुमीच ना? गोटवाल्या?" मुंबईहून चुलत बहिणीचा फोन आला. दुबईला कुणी बघितला म्हणे. मी मान वर करून चालायची.

रविवारी ते नेहमीप्रमाणं म्हणाले, "नाव घे."

"तोच?"

"तोच घे. मला तोच आवडतो."

जूनमध्ये त्यांनी सांगितलं, की घरून काम बंद, पुण्याच्या जुन्या ऑफिसनं परत बोलावलंय. पहाटेच्या एसटीनं पुण्याला जायचे, दिवेलागणीला परत यायचे. शनिवारीही जायचे. मी म्हणायची, एवढं कसलं मेलं ऑफिस, माणसाला सुट्टी नाही? ते म्हणायचे, "लेकीचं शिक्षण जवळ आलंय." मी म्हणायची, "मग आहेत की पाकिटात." ते म्हणायचे, "असू देत. जास्तीचे बरे." वाळले होते. मी दोन भाकऱ्या जास्त बांधून द्यायची आणि संध्याकाळी त्यातली एक डब्यात परत यायची, त्यावरून भांडायची. रविवारी मात्र चुकलं नाही. नाव घे. बोटावर बारा. मान डोलावणं.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यांच्या मोबाइलवरून फोन आला. मी उचलून म्हटलं, "बोला." पलीकडं एक बाई. एसटीची कंडक्टर होती. म्हणाली, "ताई, या फोनात 'घर' म्हणून हाच नंबर आहे. हे साहेब स्वारगेटला बाकावरून खाली पडलेत." मी गाळ्याचं शटरही ओढलं नाही. तिथं पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. छातीत कळ आली असणार, डॉक्टर म्हणाले. सेहेचाळीस वय.

कागदपत्रांचं सगळं दिरांनी केलं. जिथं नाव सांगायचं तिथं ते सांगायचे, जिथं लिहायचं तिथं मी लिहायची.

त्यानंतर मला कुणी नाव घ्यायला सांगितलं नाही. एका डोहाळजेवणाला गेले होते. माइक नव्हता, नुसता बायकांचा गोल होता. शेजारणीनं नाव घेतलं, मग सगळ्यांच्या नजरा मला ओलांडून पलीकडच्या बाईवर गेल्या. कुणी वाईट वागलं नाही. उलट जपून ओलांडलं. मला असा संताप आला! माणूस गेला म्हणजे नाव पण गेलं का? उठावं आणि ओरडून म्हणावं असं वाटलं. पण उठले नाही. बसले, ओटी भरताना लांब सरकले, जेवले आणि घरी आले. घरीही उखाणा म्हटला नाही. म्हणायचा कुणासाठी? बोटावर मोजणारा नव्हता.

लेकीनं तशातच बारावी दिली. चांगले मार्क पडले. ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉलेजात तिला जागा मिळाली, फी भरायला आठवडा होता. तेव्हा मी कंबर कसली. एका दुपारी लेकीनं मोबाइलवर ते पाकिटाचं ॲप घेतलं आणि म्हणाली, "आई, नाव घे."

सहा महिन्यांनी मी उखाणा म्हणत होते. मी एकेका शब्दाला थांबायची, ती टाइप करून वाट बघायची. रिव्हर. मून. ब्रिज. बस. जिंजर, शुगर, कप, मँगो. लॅडर, गोट, अंब्रेला. त्यांचं नाव मी घेतलं ते तिनं टाइप केलं नाही, ते किल्लीत नव्हतंच. मग किचन. पाकीट उघडलं.

आत शून्य होतं.

लेक म्हणाली, "थांब, नेट हळू आहे." नेट हळू नव्हतं. खाली जुन्या व्यवहारांची यादी होती. बक्षिसं आलेली दिसत होती, एकेक, तीन वर्षांची. आणि सगळ्यात वर एकच ओळ, सगळे बाहेर गेल्याची. तारीख बघून लेक म्हणाली, "हे तर गेल्या वर्षीचं. आत्याच्या घरची हळद झाली, त्या आठवड्यातलं. गुरुवार." मग मला धीर द्यायला म्हणाली, "बाबांनीच दुसरीकडं ठेवले असतील, आई. त्यांनी नवीन करतो म्हटलं होतं ना?"

म्हणून आम्ही ती वही शोधली. त्यांच्या लॅपटॉपच्या पिशवीतच होती. पहिल्या पानावर सोमवार आणि खाली बारा शब्द. त्यातल्या सात शब्दांच्या दोन ओळी जमवलेल्या, मग सगळ्यावर काट. बाजूला लिहिलेलं, 'यमक नाही, तिला लक्षात राहणार नाही.' मंगळवारी बारा-बारा शब्दांच्या तीन याद्या, तिन्ही खोडलेल्या. 'विंटर, विंडो, वेडिंग. घोटाळा करेल.' बुधवारी एक जवळजवळ जमला होता. तीन ओळी पूर्ण, छान होत्या, मला आवडल्या असत्या. गुरुवारच्या पानावर शब्द नव्हते. दोनच ओळी होत्या.

'गेले सगळे. तिला सांगायचं नाही. कळलं तर ती पुन्हा नाव घेणार नाही.'

मी वही भिंतीवर फेकली. हो, फेकली. गेलेल्या माणसावर मी ओरडले. अहो, चार दिवस! दुसऱ्यांची कुलपं हलवून बघणारा माणूस तुम्ही, घरी पोचल्या पोचल्या बिनयमकाचे बारा शब्द घेऊन पैसे हलवले असते तर काय बिघडलं असतं? माझ्यावर ओरडला असतात तर? एवढी कसली माझ्या जिभेची काळजी! लेकीनं वही उचलली, धूळ झाडली आणि माझ्याशेजारी बसली. ती रडत नव्हती, मी रडत होते. मग मला एकेक आठवायला लागलं. पहाटेची एसटी, शनिवार, डब्यात परत येणारी भाकरी. 'जास्तीचे बरे.' आणि पाकीट रिकामं झाल्यावरही दर रविवारी बोटावर मोजलेले ते बारा शब्द. घरात काही राहिलं नव्हतं, आणि हा माणूस माझ्याकडून दाराची किल्ली पाठ करून घेत होता. कशाला, तर मला कळू नये म्हणून.

त्या आठ महिन्यांच्या पगारातून त्यांनी बाजूला टाकलेलं पहिल्या वर्षाच्या फीलाही पुरत नव्हतं. आठवड्याच्या आत लेकीनं मला न विचारता सरकारी नर्सिंगचा फॉर्म भरला. "तेही बरंच आहे की," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, पण तुला ते नको होतं." ती म्हणाली, "आई, आता राहू दे." कॉलेजला जागा सोडल्याचं पत्र तिनंच लिहिलं. अक्षर अगदी त्यांच्यासारखं आहे तिचं.

तक्रार तरी करायचीच म्हणून मी पुण्याला सायबर पोलिसांत गेले. माझी तक्रार एका बाईंनी घेतली, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. फार नीट वागल्या. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि आमचा पैसा कुठं कुठं गेला ते दाखवलं. सगळं दिसतं तिथं. कुणीही बघावं. या पाकिटातून त्या पाकिटात, तिथून वीस पाकिटांत, मग एका अशा ठिकाणी, जिथं हजारो लोकांचे पैसे एकत्र ढवळतात आणि पलीकडून काढून घेतात. "याला धुलाई म्हणतात," त्या म्हणाल्या. "याच्यापुढं कुणाचा कुठला, ते सांगणं अवघड."

"म्हणजे कुणी माझी घागर भाटघरच्या धरणात ओतली आणि दुसऱ्या काठावर भरून नेली."

"तसंच."

"आणि नेणारा कोण? नाव?"

"नाव नसतं हो तिथं, ताई. व्हिडिओ कुणीही बघितला असेल. ज्याला हे शब्द ओळखू येतात असा एक पुरे. पुढं कुठं तो पैसा बँकेत आणायला गेला, केवायसी द्यावी लागली, तर सापडेल. तोवर थांबायचं."

मला माझ्या सेंटरातल्या म्हाताऱ्या आठवल्या. कार्डावर एक काना जास्त, पासबुकात एक मात्रा कमी, म्हणून मी त्यांना चारदा वेल्ह्याहून भोरला फिरवलं होतं. "आजी, नाव जुळत नाही." पाचशे रुपयांसाठी. त्या परत जायच्या, एसटीचं तिकीट काढून. आणि इथं माझ्या लेकीचं सगळं शिक्षण उचलून नेणाऱ्याला कुणी नाव विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि रागही आला, कुणाचा ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

मग त्या म्हणाल्या, "एक अडचण आहे. हे पाकीट तुमच्या मिस्टरांचंच होतं, कशावरून? त्याच्यावर नाव नाही."

पुरावा एकच होता. मी मोबाइलवर तो हळदीचा व्हिडिओ लावून दिला. आमची किल्ली, आमच्या तोंडून, चोरी व्हायच्या चार दिवस आधी. त्यांनी तो मोठ्या स्क्रीनवर लावला. व्हिडिओ मी शंभर वेळा बघितला असेल, पण मोबाइलवर, आणि बघत होते स्वतःलाच. हिरवी साडी, खोचलेला पदर. त्या दिवशी पहिल्यांदा मी मागं बघितलं. मांडवाच्या खांबाशी हे उभे होते, हातात तांब्या, पंगतीला पाणी वाढत. मी 'रिव्हर' म्हटलं आणि त्यांची मान झटकन वर आली. 'ब्रिज', 'बस'. पेल्यातून पाणी वाहायला लागलं, खाली बसलेल्या माणसानं हात मागं घेतला, ह्यांचं लक्ष नाही. 'मँगो' म्हणेपर्यंत तोंड पांढरंफटक पडलं होतं. 'किचन त्यांचं घर' म्हणून मी त्यांच्याकडं हात केला, सगळा मांडव त्यांच्याकडं वळला. त्यांनी तांब्या खाली ठेवला. आणि हसले. टाळ्या पहिल्यांदा त्यांनी वाजवल्या. बाकीच्यांनी नंतर.

पोलीसबाईंनी तिथं व्हिडिओ थांबवला.

"हे पाणी वाढणारे कोण?"

"माझे मिस्टर."

"नाव सांगा. जबाबात घ्यायचंय."

मी पर्समधून त्यांचं आधार कार्ड काढलं आणि टेबलावर सरकवलं. "ह्यात लिहिलंय."

"कार्डाची कॉपी लावूच. पण तुमच्या तोंडून लागेल, ताई. तुम्ही ओळखताय म्हणून."

पुढं ताट नव्हतं, हळद नव्हती, भोवती बायका नव्हत्या. जुळवायला काही नव्हतं. स्क्रीनवर ते टाळीसाठी हात उचलून थांबले होते. मी नाव घेतलं. नुसतं नाव.

"ऐकू आलं नाही, ताई. परत एकदा?"

मी परत घेतलं.